पाटी तायक्वांदोची, काम पाळणाघराचं!

के-ड्रामा बघत असाल तर ही पिवळी व्हॅन तुम्ही नक्की पाहिली असणार. एखाद्या अपार्टमेंटच्या गेटपाशी ती थांबते, दार सरकतं आणि पांढरा ड्रेस घातलेली, कमरेला रंगीत पट्टा बांधलेली पाच-सात चिल्लीपिल्ली टणाटण उड्या मारत उतरतात. मागून एक दादा हात हलवतो आणि व्हॅन पुढच्या बिल्डिंगकडे निघते. सीन जेमतेम दोन सेकंदांचा. आपलं लक्ष असतं फुटपाथवर भांडणाऱ्या हिरो-हिरॉइनकडे. आज त्यांना भांडू दे, आपण जरा त्या व्हॅनकडे बघू.

ती व्हॅन असते तायक्वांदोच्या क्लासची. कोरियन भाषेत या क्लासला म्हणतात दोजांग. क्लासचा मालक आणि मुख्य गुरू तो ग्वानजांग, आणि त्याच्या हाताखाली शिकवणारा तरुण मास्टर तो साबम. व्हॅनमधून हात हलवणारा दादा बहुतेक साबमच. वय म्हणाल तर तुमच्याएवढं किंवा दोन-चार वर्षांनी मोठं. कोरियात तायक्वांदो हा विद्यापीठात पदवीपर्यंत शिकता येणारा विषय आहे. योंगइन आणि क्योंगही ही त्यातली दोन मोठी नावं. सोलमध्ये फिरलात तर गल्लोगल्ली ‘योंगइन विद्यापीठ तायक्वांदो’ अशा पाट्या दिसतात. विद्यापीठाने एवढ्या शाखा काढल्या की काय असं वाटतं. तसं काही नसतं. मालक तिथला माजी विद्यार्थी असतो, एवढंच.

पाटीचा हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट पाटीचीच आहे. पाटीवर काय लिहिलंय आणि आत प्रत्यक्ष काय चालतं, यातल्या अंतराची.

कायद्याच्या लेखी दोजांग म्हणजे काय?

आपल्याकडे कराटे किंवा तायक्वांदोचा क्लास काढायचा म्हटलं तर काय लागतं? सोसायटीचा हॉल, दोन बॅनर आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप. कोरियात असं चालत नाही. तिथे क्रीडा सुविधांचा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात ‘दोजांग व्यवसाय’ हा वेगळा प्रकार नोंदवलेला आहे. सुरू करण्याआधी स्थानिक प्रशासनाकडे रीतसर नोंद करावी लागते. सरावाच्या जागेत दर ३.३ चौरस मीटरमागे एकापेक्षा जास्त माणूस नको, म्हणजे आपल्या हिशोबात साधारण ३५ चौरस फुटांत एक जण. जमीन धक्का शोषून घेणारी हवी. सरावाची जागा ३०० चौरस मीटरपर्यंत असेल तर किमान एक आणि त्याहून मोठी असेल तर किमान दोन सरकारमान्य क्रीडा प्रशिक्षक हवेत. हे ‘सरकारमान्य’ प्रकरणही गंमतीचं आहे. ब्लॅक बेल्टची प्रमाणपत्रं देते कुक्किवोन ही संस्था. सोलमधलं तिचं मुख्यालय १९७२ मध्ये उभं राहिलं. पण तिचा ब्लॅक बेल्ट म्हणजे शिकवायचा परवाना नव्हे. सरकारी प्रशिक्षकाची परीक्षा वेगळी. शिवाय कुक्किवोनचं स्वतःचं मास्टर इन्स्ट्रक्टरचं प्रमाणपत्र हवं असेल तर आधी चौथा दान लागतो. पहिल्या दानपासून चौथ्यापर्यंत पोचायला नियमाप्रमाणे किमान सहा वर्षं जातात.

तायक्वांदोचा मान तर विचारूच नका. त्याच्या प्रसारासाठी २००७ मध्ये खास कायदा झाला आणि २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती करून तायक्वांदो हा देशाचा ‘राष्ट्रीय खेळ’ असल्याचं थेट कायद्यातच लिहून टाकलं. (आपल्याकडे हॉकीबद्दल हा वाद दर दोन वर्षांनी निघतो. त्यांनी एकदाच मिटवून टाकला.)

म्हणजे परवाना आहे, चौरस फूट मोजलेले आहेत, प्रशिक्षक तपासलेला आहे, वर राष्ट्रीय मान. मग अडचण कुठे आहे?

अडचण ही की हे सगळे नियम दोजांगला खेळाची जागा समजतात. तिथे पायाची किक शिकवतात, हे कायद्याला माहीत आहे. दुपारी एक वाजता तिथे काय होतं, हे कायद्याला फार उशिरा कळलं.

दुपारचा एक

कोरियात पहिलीच्या मुलांची शाळा जेवण झालं की एक-दीडच्या सुमारास सुटते. आई-बाबा दोघंही ऑफिसात, आणि तिथली ऑफिसं सहाला सुटली तरी माणसं सहाला सुटतातच असं नाही. मग मधले पाच तास मुलाने करायचं काय? आजी जवळ राहत असेल तर नशीब. नसेल तर दोजांग.

ग्वानजांग किंवा साबम शाळेच्या गेटवर उभा असतो. मुलांना मोजतो, व्हॅनमध्ये बसवतो, दोजांगला आणतो. तासभर सराव, त्यात किक कमी आणि दोरीच्या उड्या नि डॉजबॉल जास्त. शाळेत दोरीच्या उड्यांची परीक्षा असते, तिची तयारीही इथेच होते. मग व्हॅन त्यांना पियानोच्या क्लासला किंवा गणिताच्या शिकवणीला सोडते. कुणाचा वाढदिवस दोजांगमध्ये होतो. कधी शुक्रवारी रात्री मुलं मॅटवरच झोपायला येतात आणि आई-बाबांना महिन्यातून एकदा सिनेमा बघायला मिळतो. मूल घाबरट असेल, कुणाशी बोलत नसेल, तर शेजारीण सांगते, ‘तायक्वांदोला घाल.’ शाळेतल्या बाईंपेक्षा ग्वानजांगला मुलाबद्दल जास्त माहीत असतं, असं सांगणारे पालक कमी नाहीत. आणि हे कौतुक खोटं नाही. एका पगारात न भागणाऱ्या शहरात हजारो कुटुंबांचा दिवस या व्हॅनवर चालतो.

सरकारनेही हे एकदा अगदी उघडपणे मान्य केलं, तेही कोविडच्या काळात. २०२० च्या डिसेंबरात सोल आणि आसपासच्या भागात जिम, पिलाटेस स्टुडिओ, सगळ्या इनडोअर खेळांच्या जागा बंद झाल्या. २०२१ च्या जानेवारीच्या सुरुवातीला बंदी वाढवली, पण तायक्वांदो आणि बॅलेसारख्या मुलांच्या क्लासना एका वेळी नऊ जणांपर्यंत परवानगी मिळाली. कारण काय, तर मुलं सांभाळायची सोय. झालं! जिमवाले रस्त्यावर उतरले. हॅपकिडोवाले म्हणाले, आमच्याकडेही मुलंच येतात, आम्ही काय पाप केलं? काही दिवसांतच सरकारला लहान मुलांच्या वर्गापुरती सवलत सगळ्या इनडोअर खेळांना द्यावी लागली.

हॅपकिडोची तक्रार नुसती कोविडपुरती नव्हती. तीही कोरियन मार्शल आर्ट, तिथेही मॅट, तिथेही मुलं, तिथेही पिवळी व्हॅन. पण दोजांग व्यवसायाच्या यादीत तायक्वांदो, ज्युदो, केंदो, बॉक्सिंग, कुस्ती, वुशू असे ठरावीक खेळ होते. हॅपकिडोच्या संघटना पुष्कळ, सगळ्यांना बांधणारी एक शिखर संस्था नाही, त्यामुळे बराच काळ हॅपकिडोचा क्लास या यादीबाहेर राहिला. तायक्वांदोच्या हॉलला लागू असलेले नियम शेजारच्या हॅपकिडोच्या हॉलला नाहीत, कारण पाटी वेगळी!

प्रत्येक नियमामागे एक मूल

आता पुन्हा व्हॅनकडे येऊ. ती पिवळी का असते? शाळकरी मुलांच्या गाडीचे नियम कोरियात आधीपासून होते, पण त्यांना धार आली ती एका अपघातानंतर. २०१३ च्या मार्चमध्ये छंगजू शहरात तीन वर्षांची एक मुलगी तिच्याच पाळणाघराच्या गाडीखाली सापडून गेली. त्यानंतर रस्ते वाहतूक कायदा बदलला. २०१५ च्या जानेवारीपासून मुलांच्या प्रत्येक गाडीची पोलिसांकडे नोंद, ठरलेला रंग, आणि चालकाशिवाय एक मोठा माणूस गाडीत सक्तीचा झाला. मूल नीट बसलं का, सुखरूप उतरलं का, हे त्याने बघायचं. लोक हा कायदा त्या मुलीच्या नावानेच ओळखतात.

छोट्या क्लासना या सोबत्याच्या नियमासाठी दोन वर्षांची सूट मिळाली, म्हणजे २०१७ च्या जानेवारीपर्यंत. का, ते समजायला अर्थशास्त्राची पदवी नको. गल्लीतल्या दोजांगमध्ये ग्वानजांग स्वतः शिकवतो, स्वतः झाडू मारतो, स्वतः व्हॅन चालवतो. आणखी एका माणसाचा पगार कुठून काढायचा? ही रडकथा खोटी नाही. पण मुलाला दारातून उतरताना कुणी बघायचं, हा प्रश्नही तेवढाच खरा आहे, आणि माझ्या मते दोन वर्षांची सूट ही लांबच झाली.

नियम झाला, तरी पाटीची भानगड होतीच. २०१९ च्या मे महिन्यात इंचनच्या सोंगदो भागात एका फुटबॉल क्लबच्या व्हॅनने सिग्नल तोडला आणि दोन मुलं दगावली. चौकशीत पुढे आलं की २०१५ चा नियम या व्हॅनला लागूच नव्हता. व्हॅन तशीच, रंग तसाच, मुलंही त्याच वयाची. पण नियम शाळा, पाळणाघरं, शिकवणी वर्ग आणि नोंदणीकृत क्रीडा सुविधा यांच्यासाठी होता. फुटबॉल क्लबची नोंद त्यात कुठेच बसत नव्हती. आई-वडिलांनी व्हॅनचा रंग बघून मुलांना बसवलं होतं. कागद कोण बघतो? त्या पालकांनी पाठपुरावा केला, आणि २०२० च्या नोव्हेंबरपासून नियम अशा क्लबांनाही लागू झाला.

मध्येच २०१८ च्या जुलैत दोंगदूछन इथे पाळणाघराच्या गाडीत चार वर्षांचं मूल मागच्या सीटवर विसरलं गेलं. बाहेर रणरणतं ऊन. त्यानंतर गाडीच्या मागच्या टोकाला एक बटण आलं. इंजिन बंद केल्यावर चालकाने मागपर्यंत चालत जाऊन ते दाबायचं, नाहीतर गाडी बोंबलायला लागते. २०१९ पासून ते मुलांच्या सगळ्या गाड्यांना सक्तीचं आहे, दोजांगच्या व्हॅनलाही.

दोजांगच्या आत

इथवर गोष्ट व्हॅनची होती. २०२४ च्या जुलैत ती दोजांगच्या आत गेली. सोलच्या उत्तरेला यांगजू नावाचं शहर आहे. तिथल्या एका दोजांगच्या ग्वानजांगने चार वर्षांच्या मुलाला गुंडाळलेल्या मॅटमध्ये डोकं खाली, पाय वर असं कोंबलं आणि जवळपास २७ मिनिटं तसंच ठेवलं. मूल बेशुद्ध झालं. अकरा दिवसांनी हॉस्पिटलमध्ये गेलं. ग्वानजांगचं म्हणणं, मी गंमत करत होतो. घटना घडल्यावर त्याने सीसीटीव्हीचं फुटेज डिलीट केलं होतं. पोलिसांनी ते परत मिळवलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये कोर्टाने त्याला ३० वर्षांची शिक्षा दिली.

ही बातमी वाचून संताप येतो, यायलाच हवा. पण संताप ओसरल्यावर त्या डिलीट बटणाचा विचार करा. कोरियातल्या पाळणाघरात सीसीटीव्ही २०१५ पासून सक्तीचा आहे. रेकॉर्डिंग किमान ६० दिवस जपावं लागतं, आणि ठरलेल्या पद्धतीने अर्ज करून पालकांना ते बघताही येतं. दोजांगला अशी सक्ती नव्हती. कॅमेरा मालकाचा, हार्ड डिस्क मालकाची, बटणही मालकाचं. तेच चार वर्षांचं मूल सकाळी पाळणाघरात असतं तेव्हा कायदा त्याला ‘बाळ’ समजतो. दुपारी पांढरा ड्रेस घालून मॅटवर आलं की तो ‘खेळाडू’ होतो.

नियम अजिबात नव्हते असंही नाही. मुलांवर लैंगिक अत्याचार किंवा त्यांचा छळ केल्याबद्दल शिक्षा झालेल्या माणसाला क्रीडा सुविधेत नोकरी करता येत नाही. नेमणुकीआधी रेकॉर्ड तपासावं लागतं. पूर्वी ही बंदी लैंगिक गुन्ह्यांत सरसकट दहा वर्षांची होती. २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने सरसकट बंदी रद्द केली, म्हणून २०१८ पासून दहा वर्षांच्या मर्यादेत किती ते कोर्ट प्रत्येक प्रकरणात ठरवतं. पण हा चाळणीचा नियम झाला. ज्याच्यावर आधी गुन्हाच नाही त्याला चाळणी अडवत नाही. त्यासाठी दुसरा माणूस हॉलमध्ये हवा, बाहेरच्या कुणाची तरी नजर हवी. आणि आपण मघाशी पाहिलंच, छोट्या दोजांगमध्ये दुसऱ्या माणसाचाच पगार परवडत नाही.

तो पुढे परवडेल असंही दिसत नाही. कोरियात २०१० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार बाळं जन्मली, २०२३ मध्ये २ लाख ३० हजार. निम्म्याहून कमी! २०१० ची बाळं दोजांगमध्ये येऊन, शिकून, बाहेरही पडली. २०२३ ची अजून यायची आहेत. त्यात सरकारने २०२४ च्या दुसऱ्या सत्रापासून देशभरच्या प्राथमिक शाळांत पहिलीच्या मुलांना शाळेतच थांबवून घेण्याची ‘नुलबोम’ योजना आणली. पालक खूश. ग्वानजांगच्या पोटात मात्र गोळा, कारण दुपारी एकचं मूल हेच त्याचं गिऱ्हाईक. गिऱ्हाईक घटलं की पहिली कात्री कुठे लागते, हे कुठल्याही दुकानदाराला विचारा. साबमच्या पगाराला. म्हणजे तायक्वांदोत पदवी घेऊन बाहेर पडलेला तेवीस वर्षांचा मुलगा कमी पैशात शिकवणार, व्हॅन चालवणार आणि मुलंही मोजणार.

आणि आपल्या हॉलमध्ये?

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण शाळेपासून तायक्वांदो किंवा कराटे शिकताय. काहींना ब्लॅक बेल्ट मिळाला आणि सर म्हणाले, ‘आता संध्याकाळची लहान मुलांची बॅच तू घे.’ पॉकेटमनीही सुटतो. सहा-सात वर्षांची पंचवीस मुलं, एक हॉल, आणि तुम्ही एकटे किंवा एकट्या.

आपल्याकडे या हॉलवर पाटी कुठली? केंद्र सरकारने २०२४ च्या जानेवारीत कोचिंग क्लासबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. जागा किती हवी, फी परत कशी द्यायची, कुणाला शिकवायला ठेवायचं नाही, सगळं त्यात आहे. पण कोचिंगची व्याख्या करताना खेळ, नृत्य, नाटक वगैरे सरळ वगळले आहेत. म्हणजे जेईईच्या क्लासला हे विचारलं जाईल, मार्शल आर्टच्या क्लासला नाही. सोंगदोच्या त्या व्हॅनसारखंच.

पण एक नियम लागू आहे, आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. पॉक्सो कायद्याचे २०२० चे नियम म्हणतात की मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करायची, तीही ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा. शिकवणारे असोत की नसोत, कायम असोत की कंत्राटी. या यादीत शाळा आणि पाळणाघरांच्या जोडीला ‘क्रीडा अकादमी’ हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. शिवाय मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं तुम्हाला कळलं, तर पोलिसांना कळवणं ही पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे तुमची स्वतःची जबाबदारी आहे. ‘सरांना सांगितलं होतं’ एवढ्यावर सुटका नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेचा प्रमुख असेल तर हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

तेव्हा आज संध्याकाळी बॅच घ्यायला जाल, तेव्हा दोन गोष्टी विचारून या. एक, तुमच्या ब्लॅक बेल्टच्या प्रमाणपत्रावर कुक्किवोनचा नंबर आहे का? असेल तर तो त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतो. नसेल तर ते नेमकं कुणी दिलंय, हे सरांकडून समजून घ्या. दुसरं, तुमची चारित्र्य पडताळणी करा असं क्लासने कधी म्हटलं होतं का? सर हसतील. ‘अरे, तुला मी दहा वर्षांचा होतास तेव्हापासून ओळखतो,’ म्हणतील. यांगजूतल्या पालकांनाही तो ग्वानजांग अनोळखी नव्हता.